मसूरची बैलगाडी आणि चिकलठाण्याची मोटार



सुट्ट्या जवळ आल्या की घराघरांतून एक नवाच प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. मुलगा हैदराबादला किंवा मुलगी दिल्लीला नोकरीला लागली, चार पैसे साठले, की पहिली इच्छा असते आई-बाबांना विमानात बसवण्याची. आणि जायचे कुठे, तर अजिंठा-वेरूळला. तिकिटे मुलेच काढतात. ते काम सोपे झाले आहे. खरी धाकधूक त्यानंतरची. विमानातून उतरल्यावर गाडी कोणाची करायची? किती पैसे द्यायचे? कोणी फसवणार तर नाही?

ज्यांचा जन्म एस.टी.च्या रांगेत आणि लोकलच्या दारात गेला, त्यांना मोटार भाड्याने घेण्याची सवय नसते. त्यात कमीपणा काही नाही. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेत आहोत, आणि उदाहरण म्हणून छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे २०२३ साली नाव बदललेल्या औरंगाबादचे, चिकलठाणा विमानतळ घेत आहोत. शहरापासून हे विमानतळ सुमारे दहा किलोमीटरवर, जालना रस्त्याला आहे.

पण गाडीच्या दराकडे वळण्याआधी तीन प्रवास आठवले पाहिजेत. तिन्ही बाबासाहेबांचे आहेत. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींच्या छोट्या पुस्तकात ते आले आहेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते पुस्तिकेच्या रूपाने छापले.

पहिला प्रवास १९०१ सालचा. लहानगा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले होते. मसूर स्टेशनवर उतरले. अंगावर नवे कपडे, खिशात भाड्याचे पैसे. पण पोरे कोणत्या जातीची हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि अट अशी, की गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार. रात्रभराचा तो प्रवास झाला, आणि वाटेत त्या मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही.

दुसरा १९२९ सालचा, चाळीसगावचा. आता बाबासाहेब बॅरिस्टर झालेले, सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य. स्टेशनवरून वस्तीत जायचे तर टांगेवाला त्यांना बसवून हाकायला तयार नव्हता. मग टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्याच माणसांपैकी एक बसला. त्याला टांग्याची सवय नव्हती. मोरीवर चाक अडकले, घोडा उधळला आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला.

तिसरा १९३४ सालचा. सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. दाराजवळच्या हौदावर मंडळींनी प्रवासाची धूळ धुतली आणि पाणी बाटवले म्हणून गिल्ला झाला. प्रकरण हातघाईवर आले. अखेर किल्ला पाहू दिला, पण बरोबर शस्त्रधारी शिपाई देऊन, आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून.

हे सांगायचे कारण जुने दुःख उगाळणे नव्हे. चिकलठाण्याला उतरून आपण जी गाडी करणार, ती त्याच दौलताबादच्या दारावरून जाते. आणि भाड्याचे वाहन या गोष्टीत पैशाइतकाच मानाचाही प्रश्न कसा असतो, हे या तीन प्रवासांतून जितके कळते तितके दुसऱ्या कशातून कळणार नाही.

आज कायदा आपल्या बाजूला उभा आहे. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात तर सार्वजनिक वाहन वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे हा गुन्हा धरला आहे. तेव्हा गाडीचे बोलणे करताना कोणी गोडगोड आवाजात “आडनाव काय म्हणालात? मूळ गाव कुठले?” असे खोदून विचारू लागला, तर शांतपणे सांगावे, “पावतीवर लिहायला पूर्ण नाव देतो, बाकीची चौकशी गाडीच्या कामाची नाही.” आवाज चढवायचा नाही. मान खाली घालायचीही नाही.

आता कामाचे बोलू.

गाडी शक्यतो निघण्यापूर्वीच ठरवावी. विमानतळाच्या दारात बॅगा घेऊन उभे राहिलेले कुटुंब घासाघीस करू शकत नाही. दोन-तीन ठिकाणी फोन करून दर विचारावेत, आणि ठरलेले बोलणे मोबाइलवर लेखी मागून घ्यावे. तोंडी करार वाऱ्यावर जातो.

त्यानंतर नंबरप्लेट पाहावी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे ड्रायव्हरसह भाड्याने चालणारी परवानाधारक गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणारी गाडी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असतील तर ती खासगी गाडी. “माझ्या मेव्हण्याची आहे, स्वस्तात देतो” असे कोणी म्हणाले तरी ती घेऊ नये. खासगी गाडी भाड्याने चालवणे नियमाबाहेरचे आहे. अपघात झालाच तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि दोन-चारशे रुपयांची बचत आयुष्यभर महागात पडते.

दराच्या दोन पद्धती असतात. एक शहरातली आणि जवळपासची, बहुधा आठ तास आणि ऐंशी किलोमीटर अशी. दुसरी बाहेरगावची. तिच्यात दर किलोमीटरवर असतो, पण रोजची किमान मर्यादा असते, कोणाची २५० किलोमीटर, कोणाची ३००. तुम्ही शंभरच फिरलात तरी पैसे किमान मर्यादेचे लागतात. शिवाय ड्रायव्हरचा भत्ता, टोल आणि पार्किंग वेगळे. आणि किलोमीटर मोजायला सुरुवात विमानतळापासून होत नाही. गाडी मालकाच्या दारातून निघते तिथपासून परत दारात येईपर्यंत मोजणी चालते. हे सगळे आधीच विचारून घ्यावे.

हिशेब मांडून दाखवतो. दर प्रत्येक मोसमात बदलतात, म्हणून आकडे केवळ समजण्यासाठी धरा. समजा चार जणांचे कुटुंब आहे, तीन दिवस फिरायचे आहे. दर किलोमीटरला १४ रुपये, रोजची किमान मर्यादा २५०, भत्ता रोजचा ४०० रुपये. तिन्ही दिवस बाहेरगावच्या दराने गाडी घेतली तर ७५० किलोमीटरचे १०,५०० आणि भत्त्याचे १,२००, मिळून ११,७०० रुपये झाले. पण या तीन दिवसांत प्रत्यक्ष फिरणे किती? पहिल्या दिवशी शहरात चाळीसेक किलोमीटर, दुसऱ्या दिवशी अजिंठा जाऊन-येऊन सव्वादोनशेच्या आसपास, तिसऱ्या दिवशी वेरूळ सुमारे नव्वद.

मग फक्त अजिंठ्याचा दिवस बाहेरगावच्या दराने ठरवावा. त्याचे ३,५०० आणि भत्ता ४००. उरलेले दोन दिवस आठ तास-ऐंशी किलोमीटरच्या बोलीने, समजा २,२०० रुपये प्रमाणे, ४,४००. वेरूळच्या दिवशी दहा किलोमीटर जास्त झाले, त्याचे १४०. एकूण ८,४४०. तेवढेच फिरून ३,२६० रुपये वाचले. कोणाशी भांडण नाही, फसवाफसवी नाही, फक्त नीट विचारून घेतले एवढेच.

ज्यांना हा खर्चही झेपणारा नाही त्यांनी मन लहान करू नये. मध्यवर्ती बस स्थानकावरून अजिंठा आणि वेरूळ दोन्हीकडे एस.टी. मिळते. मार्च २०२३ पासून महिलांना तिकीट अर्धे झाले आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. मोटारीने गेलेला आणि एस.टी.ने गेलेला, दोघांनाही लेणे सारखेच दिसते. मोटारीचा खरा फायदा हा, की म्हाताऱ्या माणसाला दम खाता येतो, लहान मुलासाठी वाटेत थांबता येते आणि जिथे बस जात नाही तिथे जाता येते.

तरुण मुले म्हणतात, “गाडी आम्हीच चालवू.” चालवा. पण मूळ परवाना जवळ ठेवा. अनामत किती आणि ती परत कधी मिळणार, हे लेखी घ्या. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी मोबाइलवर चित्रीकरण करा, म्हणजे जुना ओरखडा तुमच्या नावावर चढणार नाही. तेलाचा काटा कुठे आहे त्याचाही फोटो काढा. विम्याचे कागद आणि रोजच्या किलोमीटरची मर्यादा पाहून घ्या. अंधार पडल्यावर अनोळखी रस्त्यावर गाडी चालवू नका. उसाने भरलेले, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर आणि पट्टे पुसलेले गतिरोधक रात्री दिसत नाहीत.

आता कुठे, कोणत्या दिवशी जायचे ते पाहू. अजिंठा सोमवारी बंद असते, वेरूळ मंगळवारी. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच हे पाहावे. दुसरी गोष्ट, अजिंठा शहराच्या ईशान्येला शंभर किलोमीटरवर आणि वेरूळ वायव्येला तीस किलोमीटरवर. “एका दिवसात दोन्ही उरकून देतो” असे कोणी म्हणाले तर नको म्हणावे. उरकायला आपण काही कामावर आलेलो नाही.

पहिला दिवस शहरातच ठेवावा. बीबी का मकबऱ्याच्या मागे डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. गर्दी कमी, शांतता भरपूर. तिथले सातवे लेणे प्रवाशांनी पाहावेच असे आहे. दाराच्या डाव्या हाताला अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटांत सापडलेली माणसे कोरली आहेत. आग, तलवार घेतलेला शत्रू, बेड्या, फुटणारे जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि मृत्यू. त्या काळी व्यापारी तांडे याच मुलखातून चालत. रस्त्यावरच्या माणसाची भीती आणि त्या भीतीत मागितलेला आधार, दोन्ही त्या कारागिरांनी दगडात ठेवले.

तिथून उतरले की विद्यापीठ लागते. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले, आणि त्यासाठी किती घरे जळली हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. पुढे नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय. १९५० साली बाबासाहेबांच्या संस्थेने ते सुरू केले. मुलांना तिथे उभे करून एवढेच सांगावे, की दौलताबादच्या हौदावर ज्यांना अडवले, त्यांनी सोळा वर्षांनी त्याच परिसरात महाविद्यालय उघडले.

दुसरा दिवस अजिंठ्याचा. पहाटे निघावे. फुलंब्री, सिल्लोडवरून रस्ता जातो. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी थांबते. पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसनेच जावे लागते. गाडीत मौल्यवान वस्तू ठेवू नयेत, पाण्याची बाटली बरोबर घ्यावी. चढायला पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोलीवाले असतात. त्यांच्याशी भाव ठरवावा, पण खांद्यावर माणूस वाहणाऱ्याशी दहा-वीस रुपयांसाठी वाद घालू नये. वाघोरा नदीच्या वळणावर नालेच्या आकारात ही लेणी आहेत. दहावे लेणे इसवी सनापूर्वीचे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहायला डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी, फ्लॅश वापरू नये. आणि सव्विसावे लेणे चुकवू नये. सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती तिथे आहे. खाली शोक करणारे भिक्षू आहेत. घाईने आलेली माणसेसुद्धा तिथे गप्प होतात.

तिसरा दिवस दौलताबाद आणि वेरूळ. किल्ल्याच्या दाराशी गाडी पाच मिनिटे थांबवावी, १९३४ ची गोष्ट मुलांना तिथेच सांगावी आणि बरोबरच्या बाटलीतले पाणी सगळ्यांनी प्यावे. मग वेरूळ. तिथे चौतीस लेणी आहेत. पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, शेवटची पाच जैन. बहुतेक लोक सोळाव्या कैलास लेण्यासमोर उतरतात, ते पाहतात आणि परततात. कैलास पाहण्यासारखेच आहे. पण ड्रायव्हरला आधी सांगून ठेवावे, की आम्हाला एक ते बारासाठी दोन तास हवेत. दहाव्या लेण्यातले चैत्यगृह, बाराव्याचे तीन मजले पाहावेत. पाचव्या लेण्यात मात्र जरा बसावे. लांबच लांब सभागृह, मध्ये दगडातच कोरलेले दोन बुटके लांब बाक. भिक्षू तिथे ओळीने बसून शिकत किंवा जेवत असावेत असे अभ्यासक मानतात. ब्रिटिश काळातील वर्णनांत या लेण्याचे नाव ‘महारवाडा’ असे नोंदलेले आहे. ज्या नावाने आपल्याला गावाबाहेर ठेवले, ते नाव लोकांनी एका विहाराला दिले होते. यावर मुलांशी बोलावे. पुस्तकात न मिळणारा धडा तिथे मिळतो.

चौथा दिवस हाताशी असेल तर कन्नडच्या बाजूला पितळखोऱ्याला जावे. बसने जायला अवघड, म्हणून मोटारीचे पैसे इथे खऱ्या अर्थाने वसूल होतात. ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. इथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत पैठणच्या अत्तर विकणाऱ्या घराण्यातला मित्रदेव आहे. इथे सापडलेली एक यक्षमूर्ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली, असे त्या मूर्तीवरच लिहिले आहे. आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लेणी केवळ राजांनी उभारली नाहीत, हातावर पोट असलेल्या कारागिरांचीही नावे दगडावर राहिली आहेत. पुढे औट्रम घाट उतरला की चाळीसगाव येते, तेच १९२९ चे चाळीसगाव. तिथून मुंबईकडे रेल्वे मिळते. पण गाडी तिथे सोडणार असाल तर मालक गाडी रिकामी परत येण्याचे भाडेही लावतो. ते आधी विचारा.

शेवटची गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ती गाडी चालवणाऱ्याबद्दल आहे.

भाड्याच्या गाडीत आपण मागे बसतो आणि पुढे एक कामगार बसलेला असतो. पहाटे चारला उठून तो आलेला असतो. गाडी बहुतेक वेळा त्याची नसते. तुम्ही दिलेल्या पैशातला किती हिस्सा त्याच्या हाती येतो ते तुम्हाला दिसत नाही. भत्ता मालकाकडे द्यायचा की थेट त्याच्या हातात, हे आधीच विचारून घ्यावे आणि जमेल तर त्याच्याच हातात ठेवावा. तो एखाद्या हिमरू शालीच्या किंवा पैठणीच्या दुकानात थांबा म्हणाला, तर त्यात त्याचे कमिशन असते. रागावू नये, “खरेदी करायची नाही” असे सरळ सांगावे. तोही पोटासाठीच सांगतो.

मोटार परिवहन कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता. त्यात दिवसाला आठ तासांचे काम धरले होते. आपण मात्र पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत गाडी फिरवतो आणि “पैसे मोजलेत” म्हणतो. डुलकी लागलेला ड्रायव्हर म्हणजे आपल्याच कुटुंबाला धोका. दुपारी तासभर त्याला आडवे होऊ द्यावे. रात्री तो कुठे झोपणार हे विचारावे. गाडीच्या सीटवर पाय दुमडून झोपलेला माणूस सकाळी घाट नीट उतरवू शकत नाही.

आणि जेवताना त्याला आपल्याच टेबलावर बोलवावे. डबा बरोबर नेला असेल तर त्याची भाकरी त्यातच धरावी. तो कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा हे विचारण्याचे कारण नाही. मसूरच्या गाडीवानाने दुप्पट पैसे घेतले, पण पोरांच्या शेजारी न बसता पायी निघाला. पैसे मोजणारे आज आपण आहोत. पैशाच्या जोरावर माणसाला बाजूला बसवायचे, की माणूस म्हणून शेजारी घ्यायचे, हे आता आपल्या हातात आहे. मुले हेच पाहतात आणि हेच शिकतात. अजिंठ्याची चित्रे ती विसरतील, पण आईने ड्रायव्हरकाकांना आधी वाढले, हे लक्षात ठेवतील.

तेव्हा बेत आखताना वहीच्या एका पानावर एवढे लिहून ठेवा: गाडीची पाटी कोणत्या रंगाची, दर कोणत्या बोलीचा, किमान किलोमीटर किती, भत्ता कोणाच्या हाती, बंदचा वार कोणता, आणि जेवायला माणसे किती. या शेवटच्या आकड्यात ड्रायव्हर धरलेला असू द्या.

जयभीम.